बाइकचे कार्ब, गाडीचं इंजिन आणि पेट्रोल ढकलणारा पंप कुठला घ्यायचा

जुन्या गाडीच्या इंजिनावर बाइकचे कार्ब, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे कार्ब्युरेटर, बसवायचं वेड आता आपल्या कोकणात पण पोचलंय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. रत्नागिरीतल्या माझ्या एका मित्राची जुनी कार्बवाली मारुती जिप्सी आहे, तिच्या १.३ लिटरच्या इंजिनावर जपानी ६०० सीसी बाइकचे मिकुनी कंपनीचे चार कार्ब बसवलेत, एकाच पट्टीत चारही, आणि ॲक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवला की ती गाडी जी काय उचलते ना, मूळच्या एका कार्बवर तसं होणं शक्यच नाही. कारण सरळ आहे, मूळ गाडीत एकच कार्ब चार सिलेंडरना पेट्रोल वाटत बसतो, इथे प्रत्येक सिलेंडरला स्वतःचा कार्ब, तोही इनलेटच्या अगदी तोंडाशी. कार्ब इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड कोणाकडून बनवायचा, चार कार्बमधलं अंतर हेडच्या पोर्टशी कसं जुळवायचं, पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे जेट कुठले टाकायचे ह्यावर आमच्याकडे लोक रात्र रात्र बोलतात. पण टाकीतलं पेट्रोल कार्बपर्यंत आणणाऱ्या पंपाचा विषय निघाला की "कुठलाही लाव रे, पेट्रोल आलं म्हणजे झालं" असं म्हणून पुढे जातात, आणि अशा गाड्यांचे निम्मे त्रास तिथूनच सुरू होतात असं माझं ठाम मत आहे.

पंप गाडी बघून घ्यायचा नाही, कार्ब बघून घ्यायचा. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो "गाडी कुठली?" आणि तुम्ही जिप्सी नाहीतर एट हंड्रेड सांगितलंत की तो त्या गाडीचा पंप काढून काउंटरवर ठेवतो. त्याची काही चूक नाही, रोजचं गिऱ्हाईक तेच मागतं. पण तुमच्या गाडीत आता त्या गाडीचा कार्बच नाहीये ना.

बाइकमध्ये टाकी कुठे असते बघा, कार्बच्या डोक्यावर. नळी खाली येते, कॉक उघडला की पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं, पंप वगैरे काही नाही. आता ह्याचं प्रेशर किती होतं? पेट्रोलचा एक मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे जेमतेम १ पीएसआय (प्रेशरचं माप, दर चौरस इंचावर किती पौंड जोर). टाकीतलं पेट्रोल आणि कार्बची वाटी, म्हणजे त्याच्या तळाची पेट्रोल साठवायची जागा, ह्यात फार तर एक-दीड फुटाचा फरक, म्हणजे अर्धा पीएसआय, आणि टाकी रिकामी होत आली की त्याहून कमी. बहुतेक बाइकचे कार्ब जन्मभर एवढ्यावरच चालतात. ज्या मोठ्या बाइकमध्ये टाकी खाली किंवा सीटच्या आत आहे तिथे छोटा इलेक्ट्रिक पंप असतो, पण तो सुद्धा २-३ पीएसआयचा आणि तेवढं प्रेशर झालं की आपोआप थांबणारा. आणि आपल्या गाडीच्या इंजिनावर कॅमवर चालणारा जो मेकॅनिकल पंप असतो, मिस्त्री लोकांच्या भाषेत एसी पंप, तो चार-पाच पीएसआयपर्यंत सहज जातो. गाडीच्या कार्बला ते चालतं कारण त्याची नीडल (सुई), सीट आणि फ्लोट तेवढ्याच हिशोबाने बनवलेली असतात.

आता वाटीच्या आत जरा डोकवू कारण सगळी गंमत तिथे आहे. पेट्रोल आत येतं ते एका बारीक भोकातून, त्याला सीट म्हणतात, आणि ते भोक बंद करते एक छोटी सुई जिच्या टोकाला बहुतेक वेळा काळं रबर असतं. सुईला खालून ढकलतो फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा छोटा तुकडा. वाटी भरली की फ्लोट वर येतो, सुई दाबली जाते, पेट्रोल बंद. म्हणजे एका बाजूला पंपाचा जोर सुई उघडायला बघतोय आणि दुसऱ्या बाजूला फ्लोटची तरंगण्याची ताकद तिला बंद ठेवायला बघत्येय. समजा सीटचं भोक २ मिमीचं आहे, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस मिमी. १ पीएसआयला त्या सुईवर साधारण २.२ ग्रॅमचा जोर येतो. ५ पीएसआयला ११ ग्रॅम. ऐकायला हे आकडे किरकोळ वाटतील पण बाइकचा फ्लोट हातात घेऊन बघा, प्लॅस्टिकचा, बोटाच्या पेराएवढा, हवेसारखा हलका, पत्र्याच्या एका बारीक जिभेवर सुईला टेकलेला. अर्ध्या पीएसआयला एक ग्रॅम थोपवायला ज्याची रचना झाली त्याला तुम्ही एकदम दहापट काम सांगताय. अंगणातल्या विहिरीवरची मोटर सरळ स्वयंपाकघरातल्या नळाला जोडली तर नळ कितीही आवळा तो गळणारच, तसंच हे.

आणि सुई हरली की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ह्यात जिवाचा प्रश्न आहे. वाटीतली लेव्हल वाढते, आधी गाडी नुसती रिच चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, प्लग काळे पडतात, आयडलला मिसिंग, आणि आपण बसतो जेट बदलत, स्क्रू फिरवत. जेटचा काही दोष नसतो, लेव्हलच वर गेलेली असते. पुढे ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल बाहेर पडायला लागतं आणि नळीचं तोंड कुठे सोडलंय त्यावर सगळं अवलंबून, खाली गरम सायलेन्सरचा पाइप असला तर आग लागायला कितीसा वेळ लागतो. काही कार्बमध्ये तर बाहेर न येता ते थेट इनलेटमधून सिलेंडरमध्ये उतरतं, रिंगच्या कडेने खाली ऑइलमध्ये. डिपस्टिक काढून हुंगली की पेट्रोलचा वास येतो आणि ऑइलची लेव्हल चक्क वाढलेली दिसते. असं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, त्यावर इंजिन चालवलं तर बेअरिंग खलास. म्हणून अशी गाडी असेल तर डिपस्टिक बघताना नुसती लेव्हल बघू नका, वास पण घ्या.

मग लोकांची दुसरी भीती असते, कमी प्रेशरचा पंप लावला तर घाटात पेट्रोल कमी पडेल, आंबा घाट चढताना गाडी धाप टाकेल. ह्याचा हिशोब कागदावर दोन मिनिटात होतो. पेट्रोल इंजिन फुल लोडवर दर बीएचपीला तासाला साधारण पाव किलो पेट्रोल पितं, त्याच्या जरा आतच. तुमच्या इंजिनाची ताकद ६० बीएचपी धरली तर तासाला १५ किलो, म्हणजे २० लिटर. आणि हे कधी, तर अख्खा तास पाय पूर्ण दाबून धरला तर, आणि असा रस्ता साखरप्यापासून वर आंब्यापर्यंत चढलात तरी मिळत नाही. बाजारात जो सगळ्यात छोटा चौकोनी इलेक्ट्रिक पंप मिळतो तो सुद्धा ह्याच्या कितीतरी जास्त पेट्रोल देतो. म्हणजे लिटरची चिंता करायचीच नाही. डब्यावर "एवढे लिटर पर अवर" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ते सोडा, बारीक अक्षरात पीएसआय किती लिहिलंय ते शोधा.

आमच्याकडे कुडाळचे एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात, ते ऐंशीच्या दशकापासून कार्ब उघडतायत. मित्राने त्यांना विचारलं, तात्या, रेसिंगवाला मोठा पंप मिळतोय, घेऊ का? तात्या म्हणाले, "मोठो पंप लावलंस म्हणान गाडी पळाची नाय. कार्ब काय मागता ता आधी बघ." ह्याच्या पुढे मी वेगळं काय सांगणार.

आता नक्की घ्यायचा कुठला. माझी पहिली पसंती चौकोनी सॉलिड स्टेट इलेक्ट्रिक पंप, फॅसेट कंपनीचे प्रसिद्ध आहेत आणि तसेच दिसणारे इतर पण मिळतात, त्यात १.५ ते ४ पीएसआय असा कमी प्रेशरचा प्रकार येतो तो घ्यायचा. त्याच घरातले लाल डोक्याचे, चंदेरी डोक्याचे रेसिंगवाले पंप येतात, ते गाडीच्या जुळ्या वेबर कार्बसाठी ठीक, बाइकच्या कार्बला ते नकोत. चौकोनी पंपात पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, नसतात म्हणून जळायला काही नाही, करंट जेमतेम एक-दीड अँपिअर. दुसरा पर्याय मोठ्या बाइकचाच कमी प्रेशरचा पंप. खरं म्हणजे प्रेशरच्या दृष्टीने हा सगळ्यात चोख, कारण तो ह्याच जातीच्या कार्बसाठी बनवलाय, पण जुन्या पंपात आत पॉइंट असतात आणि ते झिजले की पंप कधी चालतो कधी नाही, आणि नवा ओरिजिनल मिळवायला कोकणात बसून जी धडपड करायला लागते त्यापेक्षा चौकोनी बरा. बाइकच्या मापाच्या स्वस्त नकला ऑनलाइन भरपूर आहेत, त्या मी तरी गेज लावून मोजल्याशिवाय गाडीला लावणार नाही.

इंजेक्शनवाल्या गाडीचा टाकीतला पंप अजिबात नाही. तो ३ बारचा असतो, म्हणजे ४० पीएसआयच्या वर, रेग्युलेटर लावून पण त्याला दोनवर आणायचा नाद नको. आणि व्हॅक्यूमच्या पल्सवर चालणारे ते छोटे गोल पंप जे टू-स्ट्रोकला चालतात, ते चार सिलेंडरच्या इंजिनावर नीट चालत नाहीत कारण क्रँककेसमधले चार पिस्टनचे झटके एकमेकांना मारून टाकतात, पंपाला धड धक्काच मिळत नाही.

ज्यांना मूळचा मेकॅनिकल पंपच ठेवायचाय, काढायचा नाहीये, त्यांच्यासाठी पण रस्ता आहे. मधे प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर टाका (इलेक्ट्रिक पंपाचं प्रेशर जास्त भरलं तरी हाच) आणि तो १ ते ४ पीएसआयवाला असायला हवा. दुकानात ४.५ ते ९ वाला पण मिळतो, दिसायला अगदी सारखा, तो चुकून उचललात तर खाली येणारच नाही प्रेशर. चकचकीत क्रोमवाले डायलचे स्वस्त रेग्युलेटर असतात ना ज्यावर १ ते ६ आकडे छापलेले असतात, त्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, ३ वर ठेवलं म्हणजे ३ पीएसआय असं काही नसतं, नुसत्या खुणा आहेत त्या. फिल्टर आणि रेग्युलेटर एकत्र असलेला मलपासी फिल्टर किंग हा जुना भरवशाचा प्रकार आहे, मिळाला तर घ्याच. शिवाय रिटर्न लाइन. बऱ्याच कार्बवाल्या मारुतींना टाकीकडे परत जाणारी नळी आधीच आहे, ती बंद करून टाकू नका, कार्बच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून रिटर्नमध्ये बारीक भोकाचा जेट बसवा, दीड मिमीच्या आसपास, जादा पेट्रोल फिरत टाकीत परत जातं. ह्याचा आपल्या हवेत आणखी एक फायदा, पेट्रोल सतत फिरत राहिल्याने बॉनेटखाली तापून वाफ धरत नाही. मे महिन्यात हायवेवर ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभं राहिल्यावर जी गाडी बंद पडून सुरूच होत नाही तिचं बहुतेक वेळा हेच दुखणं असतं.

पंप बसवायची जागा. इलेक्ट्रिक पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात हुशार असतो, म्हणून तो पुढे बॉनेटमध्ये नको, मागे टाकीजवळ, जमलं तर टाकीच्या तळाच्या बरोबरीने किंवा खाली. आउटलेटचं तोंड वरच्या बाजूला, म्हणजे हवा अडकत नाही. पंपाच्या आधी फिल्टर हवाच, जुन्या टाकीतला गंज आत गेला तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. खाली रबराचे बुश टाकले नाहीत तर त्याचा टकटक आवाज अख्ख्या चेसिसमधून सीटखाली येतो. पण जिप्सीसारखी गाडी बागेच्या वाटेने, चिऱ्यांच्या गडग्याकडेने, पाण्यातून जाणारी असेल तर पंप एवढाही खाली नको की पऱ्यातून जाताना दगड लागेल, चेसिसच्या आतल्या अंगाला लपवून लावा.

आणि खारी हवा. समुद्राकाठी राहणाऱ्यांना हे सांगायला नको पण तरी सांगतो. पंप खराब झाला म्हणून लोक नवा आणतात आणि खरं दुखणं असतं अर्थच्या टर्मिनलवर जमलेली हिरवी बुरशी. अर्थ चेसिसला स्क्रूने नुसता आवळू नका, रंग खरवडून, घट्ट करून वरून ग्रीस लावा, किंवा सरळ बॅटरीपर्यंत वेगळी वायर न्या. रिले आणि फ्यूज दोन्ही हवेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप बंद व्हायलाच हवा. मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबर थांबतो, इलेक्ट्रिक नाही थांबत, चावी चालू असेल तर गाडी उलटली तरी तो पेट्रोल ढकलतच राहील. ऑइल प्रेशरच्या स्विचवरून रिले चालवा किंवा धक्का बसला की सर्किट तोडणारा इनर्शिया स्विच लावा, पैसे वाचवायची ही जागा नव्हे. घाटात वळणावर कलंडलेली गाडी आपण सगळ्यांनी बघितलीय.

नळ्यांचं पण तसंच. आता पेट्रोल पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याशिवाय दुसरं काय असतं. जुनी नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतून तिचा भुगा सुटतो, तो भुगा नेमका त्या सुईच्या सीटवर जाऊन बसतो. इथेनॉल चालेल अशी नळी घ्या, एसएई जे३०आर९ असं वर छापलेलं असतं. चार कार्बना जोडणाऱ्या ज्या छोट्या टी-नळ्या असतात त्यांच्या ओ-रिंग पण त्याच वेळी बदला, वीस-पंचवीस वर्षं जुन्या बाइकच्या त्या रिंग कडक झालेल्या असतात, अर्ध्या पीएसआयला नाही गळत पण दोन-तीनला गळतात आणि ते पेट्रोल थेट इंजिनावर.

सगळं जोडून झालं की लगेच स्टार्टर मारू नका. गाडी उघड्यावर घ्या, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, बॅटरी चार्ज. प्रत्येक वाटीच्या खाली ड्रेनचा स्क्रू असतो, त्याच्या नळकांड्याला पारदर्शक नळी लावा आणि ती वळवून वाटीच्या कडेने वर धरा, मग स्क्रू सैल करा. नळीत पेट्रोल जिथपर्यंत चढतं तीच आतली लेव्हल. आता इंजिन न चालवता फक्त पंप चालू करा. लेव्हल वाटीच्या जोडापाशी, त्या कार्बच्या मॅन्युअलात दिलेल्या खुणेशी येऊन थांबली पाहिजे आणि थांबूनच राहिली पाहिजे. हळूहळू वर सरकायला लागली तर प्रेशर जास्त आहे किंवा सुई गेलीय. प्रेशर कमी करून बघा, तरी सरकली तर सुई आणि सीट नवी टाका. चारही कार्बचं वेगवेगळं बघायचं, तीन ठीक आहेत म्हणजे चौथा ठीक असं नसतं.

चौकोनी पंप असेल तर कान पण लावा. वाट्या रिकाम्या असताना तो भरभर टकटक करतो, भरत आल्या की सावकाश, आणि सगळ्या सुया बसल्या की मधूनच एखादी टक किंवा अगदी गप्प. तात्या त्या जिप्सीच्या मागच्या चाकाजवळ उकिडवे बसून ऐकत होते आणि म्हणाले, "टकटक थांबली काय समज वाट्यो भरल्यो." भरल्यावरही टकटक चालूच राहिली तर पेट्रोल कुठेतरी जातंय, ते कुठे जातंय हे शोधल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही.

गेज घेताना ० ते १५ पीएसआयचा घ्या. शंभरवाला घेतलात तर दोन आणि चार ह्यातला फरक काट्याच्या जाडीत जाईल. रेग्युलेटर आणि कार्बच्या मधे टी टाकून मोजा, आयडलला पण आणि इंजिन रेस करून पण, आणि मोजून झालं की गेज काढून टी बंद करा. पेट्रोलची नळी डॅशबोर्डवरच्या गेजपर्यंत केबिनमध्ये नेलेली मी बघितलीय, कृपा करून तसं करू नका. कार्ब कुठल्या बाइकचे आहेत ते माहीत नसेल किंवा ते फक्त टाकीच्या वजनावर चालणारे असतील तर दीड पीएसआयपासून सुरुवात करा आणि पूर्ण थ्रॉटलवर चढाला गाडी खरोखर उपाशी पडत्येय असं दिसलं तरच वर जा. पंपवाल्या बाइकचे असतील तर दोन-अडीच, तीनच्या वर मी कुणाचेच नेणार नाही. त्या जिप्सीचे दोनवर लावलेत आणि कुंभार्ली घाट तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून चढवून झालाय, कुठेही पेट्रोलला उपाशी पडली नाही.

आणि आरटीओचं, ते विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि पीयूसी तर द्यायचीच आहे. वाट्यांची लेव्हल बरोबर असली की पीयूसीच्या मशीनवर सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा आटोक्यात आणायला पुढे निव्वळ मिक्सचर स्क्रूचं काम उरतं, लेव्हल चुकीची असेल तर स्क्रू कितीही फिरवा, तो आकडा खाली येत नाही.